भाईदास मास्तरांची हाक

भाईदास मास्तर खाली मान घालून चालायला लागले, तेव्हा गावाला वाटलं, त्यांचं काहीतरी पडलंय. चंपालाल शेठनं दुकानातून ओरडून विचारलं, "मास्तर, अंगठी पडनी का काय?" शाळेतली पोरं त्यांच्या मागून धूळ चाळत निघाली. एकाला घोड्याची नाल सापडली, एकाला पितळी बटण, आणि एकाला तर म्हणे होळकरशाहीतला भाला सापडला, पण तो त्यानं घरी नेऊन चुलीत घातला.

हा माणूस आधी कसा चालायचा ते सांगतो, म्हणजे मान खाली जाणं केवढं होतं ते कळेल. छाती पुढे, मिशा छातीच्या पुढे, आणि आवाज मिशांच्याही पुढे अर्धा कोस. आमचं गाव शहाद्यापासून बैलगाडीनं एका झोपेच्या अंतरावर. मास्तरांनी वर्गात एखाद्या पोराला हाक मारली की तिकडे प्रकाशा गावच्या घाटावर तापीत उभा असलेला त्या नावाचा माणूस "ओ" देऊन ओल्या धोतरानं पळत सुटायचा. त्यांना शिंक आली की चंपालाल शेठचा तराजू डुलायचा, आणि तो डुलत असतानाच शेठ माप उरकून घेतात असा गावाचा जुना आरोप होता. मी हे वाढवून सांगत नाही. वाढवण्याचं काम मास्तरांचं. मी त्यांच्या हाताखाली दुसरा मास्तर होतो, गाव मला धाकले मास्तर म्हणायचं, आणि हाताखाली राहिलं की थोडं अंगाला लागतंच.

मास्तरांची हजेरी म्हणजे दरबार. पोराचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, मग आडनाव. "सखाराम नथ्थू दौलत पाटील!" नाकातून ओघळ वाहत असलेला सात वर्षांचा सखाराम असा काही उठून उभा राहायचा की जणू त्याच्या मागे नथ्थू आणि दौलत फेटे बांधून उभे आहेत. मी नवा असताना एका पोराला "ए नकट्या" म्हणालो. मास्तरांनी मला बाहेर चिंचेखाली नेलं. म्हणाले, "धाकले मास्तर, त्याच्या बापानं बारशाला गावभर गूळ वाटला होता. तो काय नकट्याचा वाटला?" मग आवाज उतरवून, म्हणजे फक्त दोन शेतं ऐकतील एवढा करून, म्हणाले, "नाव म्हणजे माणसाचं दार शे, भो. दार ठोकल्याबिगर आत जायचं नाही."

हे वाक्य ते महिन्यातून दोनदा तरी म्हणायचे. मला ते इतकं आवडलं होतं की मी माझ्या सासुरवाडीला स्वतःचं म्हणून सांगितलं.

घर खात्यापित्याचं. काळी जमीन, कपाशी, आणि विहिरीजवळ केळीची बाग. मास्तर केळं खाताना डोळे मिटून घेत आणि खाऊन झालं की सालीकडे बघत एकच गोष्ट सांगत. "या फळाला बी नाही. याला बाप नाही. कंद उकरायचा, कापायचा, दुसऱ्या खड्ड्यात लावायचा. वर येतं ते तेच झाड. माझ्या आज्यानं खाल्लेलं केळं आणि हे केळं, दोन्ही एकच. घड आला की खांब छाटा, शेजारी कोंबाचं पिल उभं असतंच. कुणाला छाटलं आणि कोण उभं आहे, बागवानालाही फरक नाही." असं बोलून ते थोडे गप्प होत, आणि एवढ्या आवाजाचा माणूस गप्प झाला की कानात वारा शिरल्यासारखं वाटायचं.

या सालीतूनच केळीचं गाव निघालं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार-दोन वर्षं. गावात गोष्ट सांगणारा माणूस एकच. दिवेलागणीला चंपालाल शेठच्या दुकानाच्या ओट्यावर मास्तर बसायचे आणि केळीच्या गावाची गोष्ट पुढे सरकवायचे. तिथला राजा आळशी, त्याचे हकीम हुशार. त्यांनी माणसाच्या टाचेचा तुकडा कापून राखेत, शेणखतात पुरला आणि वर मोटेचं पाणी सोडलं. नऊ महिन्यांनी जमिनीतून आधी शेंडी आली, मग मिशी, मग मिशीखालचा आख्खा माणूस. ज्याची टाच त्याचंच तोंड. मग काय! नांगराला एक, पालखीला चार, लढाईला गाडाभर. श्रीमंतांनी आपापल्या टाचा लावून घेतल्या आणि परसात स्वतःसारखा एकेक उभा करून ठेवला. शेठची दाढ दुखली की परसातल्याची काढायची आणि शेठला बसवायची. शेठचा डोळा गेला, तरी परसात डोळा आहेच.

आणि त्या राज्यात कायदा एकच. केळीच्या माणसाला नाव द्यायचं नाही. "कारण," मास्तर बोट वर करत, "नाव दिलं की तो उद्या विचारेल, माझी दाढ का काढता?"

ओटा हादरायचा. माणसं रोज भांडायची. पोलीस पाटील म्हणायचे, "मन्हा एक लावा हो मास्तर! कोर्टात त्याला उभा करतो, मी घरी जेवतो." कुणी विचारी, परसातल्यानं खून केला तर फाशी कुणाला? कुणी विचारी, तो मेला तर घरच्यांनी सुतक पाळायचं की नाही? चंपालाल शेठला एकच चिंता. "जमिनीत हिस्सा मागेल का तो?"

"मागेल कसा? तोंड तुमचंच, शेठ. तुम्ही मागून घ्याल, तो देऊन टाकेल."

हसून हसून लोक ओट्यावरून खाली पडायचे. एक जण पडला तो थेट गल्लीच्या गटारात. पण हसून झालं की कुणीतरी म्हणायचंच, "पण वंगाळ शे हो. मानूस शे ना तो? त्याले नाव नही म्हनजे काय?" आणि सगळे माना हलवायचे. आम्ही फार चांगली माणसं होतो. गोष्टीतल्या राजाला आम्ही इतक्या शिव्या दिल्या की तो खरा असता तर उचकी लागून मेला असता.

मास्तरांच्या मागे कंदील धरून धुडकू उभा असायचा.

धुडकू मास्तरांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, साल संपतं, सालदार बदलतो. मास्तरांच्या घरी माणूस बदलायचा, धुडकू बदलायचा नाही. मास्तरांच्या आज्याच्या वेळेला कुणी खरा धुडकू होता म्हणे, मोठा कष्टाळू. तो गेला, दुसरा आला, त्यालाही घर धुडकूच म्हणू लागलं. मग तिसरा, मग चौथा. कुणी कोळी, कुणी भिल्ल, कुणी डोंगरातला, कुणी तापीपलीकडचा. गोठ्यात जसा खुंटा तसा धुडकू. कारण विचारलं तर घरातले सांगत, बैलांना सवय आहे. आता बैलांना हाक मारायची धुडकूनं, आणि धुडकूला हाक मारायची मालकानं. यात बैलांचा काय संबंध, हे विचारायची पद्धत नव्हती. आणि हे एकट्या मास्तरांच्याच घरचं होतं असंही नाही. पोलीस पाटलांकडे सगळे झिपा होते.

हा धुडकू मोलगीच्या बाजूचा, सातपुड्यातला. काही आखाज्या तो टिकला. अहिराणी शिकला. मोट हाकताना मात्र स्वतःच्या बोलीतलं काहीतरी गायचा, ते आम्हाला कळायचं नाही, पण बैल कान टवकारायचे. संध्याकाळी कंदील धरायचा तो असा मागे सरकवून, की उजेड सगळा मास्तरांच्या तोंडावर पडावा. स्वतः अंधारात.

त्यानं गोष्टीत एकदाच तोंड घातलं. दाढेचा प्रसंग संपला होता, सगळे डोळे पुसत होते, आणि मागून आवाज आला, "मास्तर, त्यासले माय ऱ्हास का?"

केळीच्या माणसांना आई असते का, असं तो विचारत होता. मास्तरांना प्रश्न आवडला. ते मागे न वळताच म्हणाले, "नही ऱ्हास, धुडकू. म्हणून तर ते स्वस्त पडतात!"

त्या दिवशीचं हसणं सगळ्यात मोठं होतं. मीही हसलो. कंदील थोडा हलला, एवढंच दिसलं.

पुढे कपाशी वेचणीला आली त्या दिवसांत गोष्ट रंगात आली होती. केळीचा एक माणूस दोर तोडून थेट राजाच्या दरबारात येऊन उभा राहिलाय आणि विचारतोय, महाराज, मी कोण? मास्तरांनी इथे श्वास घेतला होता. अख्खा ओटा पुढे झुकला होता. धुडकू त्या दिवशी नव्हता, बागेला पाणी द्यायचं होतं म्हणून विहिरीवर होता, आणि कंदील दुकानाच्या खुंटीला टांगला होता. तेवढ्यात गल्लीतून एक माणूस आला. डोंगरातला, खांद्यावर घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे. ओट्यासमोर उभा राहून गावोगाव विचारत शिकलेल्या अहिराणीत म्हणाला,

"वेस्ता आठे शे का?"

"कोण वेस्ता?" पोलीस पाटील म्हणाले.

"मन्हा भाऊ. मी दित्या. माय पडेल शे, ती वेस्ताले बलाई ऱ्हायनी. या बाजूले सालदार शे सांगतस."

दरबारात तो माणूस उभा, राजानं तोंड उघडलेलं, आणि मध्येच हा, अंथरुणाला खिळलेल्या आईचं बोलावणं घेऊन. मास्तरांनी हात झटकला. "आठे त्या नावना कोन्ही नही. तापीपार दख."

दित्या जरा थांबला. ओट्यावरच्या सगळ्या तोंडांवरून त्याची नजर फिरली, माझ्याही. मास्तर म्हणतायत म्हटल्यावर नसेलच कुणी. मला तर पुढचं ऐकायचं होतं. तो तापीच्या रस्त्याला लागला आणि मास्तर म्हणाले, "हां. तर राजा..."

आठवड्याभरानं शाळा सुटल्यावर मी आणि मास्तर बागेवरून येत होतो. मोट थांबलेली. मास्तर लांबूनच तडकले, कारण मोट थांबलेली त्यांना शाळेतूनही ऐकू यायची. जवळ गेलो तर विहिरीच्या धावेच्या उतारावर दोन माणसं टेकून बसलेली. एक धुडकू. दुसरा घोंगडीवाला दित्या. तापीपलीकडची गावं पालथी घालून तो परत निघाला होता आणि बागेजवळून जाताना त्याला मोटेवरचं गाणं ऐकू आलं होतं. त्यांच्या आईचं गाणं.

दित्या उठला. मास्तरांच्या तोंडासमोर आला. डोंगरातली माणसं कुणालाही तूच म्हणतात, आणि त्या दिवशी ते बरोबरच वाटलं.

"तूच सांगेल व्हतं ना, आठे वेस्ता नही?"

दित्या थांबला नाही.

"शहादाना बजारमा आम्हना पाडाना मानूस भेटना. माय गई. मरता मरता बी त्यालेच बलाये."

मास्तर त्याच्या भावाकडे वळले. "धुड..." म्हणाले आणि थांबले. मी तो आवाज असा मधेच तुटलेला कधी ऐकला नव्हता. "अरे, मला तुझं नाव... मला माहीत नव्हतं रे."

तो माणूस बैलांच्या मानेवरचं जू काढत होता. काढता काढता म्हणाला, "मी सांगेल व्हतं, मास्तर. पहिलाच दिन. तुम्ही म्हनालात, बैलेस्ले सवय नही."

रागानं म्हणाला असता तर मास्तर चार शब्द बोलले असते, तो त्यांचा हातखंडा होता. पण त्यानं ते असं सांगितलं, जसं कुणी रस्ता सांगतं. मग बैल गोठ्यात नेले, चारा टाकला, पाणी दाखवलं, दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. आपली घोंगडी घेतली. साल अर्धं राहिलेलं. सालदार मधेच गेला तर गाव आडवं यायचं, त्या दिवशी कुणी आलं नाही. दोघं भाऊ शिवारातून उत्तरेकडे निघाले.

मास्तर त्यांच्या मागून बांधापर्यंत गेले. तिथे उभे राहिले, छाती भरून घेतली, आणि ती हाक मारली, जिला प्रकाशाच्या घाटावरची माणसं ओ द्यायची. "धुडकूऽऽऽ!"

सवयीनं निघाली. निघाल्यावर त्यांना कळलं. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. झाडावरची पाखरं उडाली, लांब कुणाच्या तरी गोठ्यातला बैल हंबरला. तो माणूस वळला नाही. ऐकू आलं नसेल असं म्हणायला मास्तरांनी स्वतःच जागा ठेवली नव्हती.

त्यानंतर हजेरी मी घेऊ लागलो. मास्तर वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकत. मी "सखाराम नथ्थू दौलत पाटील" म्हटलं की ते खाली बघत. केळं खाणं सुटलं. ओट्यावर माणसं जमायची, पण मास्तर यायचे नाहीत. एकदा चंपालाल शेठनं त्यांना गल्लीत अडवलं. "मास्तर, तो गडी कवयना उभा शे दरबारमा. पाय दुखनात त्याचे! राजानं काय सांगितलं?"

मास्तर म्हणाले, "राजाला लाज वाटली."

"मग?"

"मग काही नाही. संपली."

"ही काय गोष्ट झाली!" शेठ गावभर सांगत सुटले. "एवढी मोठी गोष्ट आणि शेवटाला लाज! पिकल्या केळ्यात खडा निघाला."

आखाजीला नवा सालदार आला. मास्तरांनी त्याला दारातच, सगळ्या घरासमोर, नाव विचारलं, बापाचं विचारलं, आजाचं विचारलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं पोलिसांत देतात. नाव सुपडू. दुसऱ्याच दिवशी आम्ही जेवायला बसलो असताना मास्तरीणबाईंनी आतून हाक दिली, "धुडकू, पानी लई ये रे!" मास्तर ताटावरून उठले, घागर उचलली आणि स्वतः आडावर गेले. बाई मला म्हणाल्या, "यासले काय व्हयनं धाकले मास्तर? तोंडात बसेल नाव शे ते." मी काय सांगणार? पोलीस पाटलांकडे झिपा झिपाच राहिला, आणि माझ्या भाड्याच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला मी इतकी वर्षं "बाई" म्हणत होतो, तेही मला त्याच दिवशी कळलं.

थंडीत शाळेला सुट्टी लागली तेव्हा मास्तर म्हणाले, "धाकले मास्तर, मोलगीला येता का?" अक्कलकुव्यापर्यंत गाडी, पुढे पायी. वाट अशी उभी की पुढच्या माणसाची टाच मागच्याच्या नाकाला लागते. मास्तर वाटभर बोलले नाहीत. सातपुड्यातल्या वाघांनाही चुकल्यासारखं झालं असेल.

मोलगीला बाजाराचा दिवस होता. डोंगरातून माणसांच्या रांगा उतरत होत्या. मास्तरांनी पहिल्यांदा दिसलेल्या मिठाच्या दुकानदाराला विचारलं, "वेस्ता कुठे भेटेल?"

"कोणता वेस्ता? इथं दर पाड्याला चार वेस्ता. बाप कोण त्याचा? पाडा कोणता?"

आख्ख्या शाळेच्या आज्यांची नावं ज्यांना पाठ, ते मास्तर समोरच्या मिठाकडे बघत राहिले.

"दिसायला कसा?"

नसलेल्या राजाच्या मिशीचा केस न् केस सांगणारा माणूस. त्यांनी दोन्ही हात वर केले, हवेत काहीतरी घडवायला गेले, आणि हात तसेच खाली आणले. "उंच... नाही, उंच नाही. मोट हाकायचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आठवू लागलो. मला कंदील आठवला.

मग मास्तर बाजाराच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. इतक्या दिवसांची साठलेली. "वेस्ताऽऽऽ!" बाजार थांबला. मिठाचे ढिगारे खचले म्हणायला हरकत नाही. आणि इकडून, तिकडून, कोंबड्यांच्या पाट्यांमागून, झाडाखालून माणसं वळली. पागोटी, घोंगड्या, उन्हात उभी तोंडं. मास्तर एकेका तोंडाकडे बघत होते. या तोंडावरून त्या तोंडावर, पुन्हा पहिल्या तोंडावर. त्यांना फरक कळत नव्हता. मलाही कळत नव्हता.

माणसं हळूहळू आपापल्या कामाला लागली. एक जण तेवढा जवळ आला. डोक्यावर मिठाचं गाठोडं, दाढी वाढलेली. शांतपणे म्हणाला, "कोनता वेस्ता पाहिजे, मास्तर?"

"माझ्या घरी होता तो," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "शहाद्याकडे. आम्ही त्याला... आम्ही धुडकू म्हणायचो त्याला."

तो मास्तरांकडे बघत राहिला. "धुडकू?" म्हणाला. "आठे त्या नावना कोन्ही नही."

गाठोडं सावरलं आणि गर्दीत गेला.

आम्ही परत फिरलो. उतार लागला, बाजाराचा आवाज मागे पडला. एका वळणावर मास्तर एकदम थांबले. मग इतक्या हळू बोलले की मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"धाकले मास्तर, इथं आपल्याला कुणी ओळखत नाही ना?"

"नाही."

"आणि इथं अहिराणी कुणाची बोली नाही."

"नाही, मास्तर."

"मग तो मला मास्तर कसा म्हणाला?"

मी म्हणालो, "चला, परत जाऊ. अजून बाजार उठला नसेल."

मास्तरांनी वर डोंगराकडे बघितलं नाही. "जाऊन काय सांगू? पुन्हा रांगेत उभा केला तरी मला तो ओळखता यायचा नाही." आणि ते खाली मान घालून उतरू लागले, दर पावलाला जमीन बघत, जसं काही तिथेच कुठेतरी ते तोंड पडलं असावं.